मुद्देमाल कोण लपवतो?

बेळगावजवळच्या खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: खून दुसऱ्याने केला, याने नंतर नुसता कोयता विहिरीत टाकला. मग 'मुद्देमाल लपवणारा खुनातला साथीदार' हे बातमीतलं वाक्य बरोबर का?

दोन्ही शब्द चुकीचे. खून झालाय हे ठाऊक असून, खुन्याला वाचवण्यासाठी हत्यार दडवणारा माणूस तेवढ्यावरून खुनाचा आरोपी होत नाही. तो पुरावा नाहीसा करण्याचा आरोपी. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २०१, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २३८. मूळ गुन्हा खुनाचा असेल तर ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कोयत्याचं काय करायचं हे खुनाआधीच संगनमताने ठरलं असेल, तर मात्र खुशाल साथीदार म्हणा.

आता मुद्देमाल. म्हणजे फक्त चोरीचा ऐवज, हे ऐकून कान किटले. पंचनामा करून जप्त केलेलं हत्यारही मुद्देमालच. पण जप्तीनंतर! विहिरीच्या तळाशी पडलेला कोयता अजून नुसता कोयता.

कुणी हा शब्द 'मुद्रा'पासून काढतात, लाखेचं सील बघून. हौस आहे, दुसरं काय! मूळ अरबी 'मुद्दआ': ज्याचा दावा केला ती गोष्ट. मराठीत त्याचाच 'मुद्दा' झाला. दावाही त्याच धातूतला आणि दुवाही. कोर्टातला दावा आणि फकिराचा दुवा सख्खी भावंडं, हे कळलं की मला आजही गंमत वाटते.

मधल्या 'ए'ला फारसी इजाफत, म्हणजे दोन शब्द जोडणारा फारसी 'ए', म्हणणारे विद्वान आहेत. त्यांनी घोडेस्वार बघावा. स्वार एक, घोडा एक, तरी 'घोडे'. गुन्हेगारही एकाच गुन्ह्यात होतो. आकारान्त शब्द समासात असा वाकवणं ही मराठीची खोड. म्हणूनच माझं ठाम मत की कन्नड दप्तरातला 'मुद्देमालु' मराठीतून गेला. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. शब्द कचेरीतच राहिला. आज महाराष्ट्रातल्या चंदगडच्या ठाण्यात मुद्देमाल, कर्नाटकातल्या खानापूरच्या ठाण्यात मुद्देमालु. आणि नाही, रागीच्या मुद्देशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो निव्वळ कन्नड गोळा, तूप आणि सारू म्हणजे पातळ आमटीबरोबर खायचा.