ज्वी-आँ-जोझासमध्ये राहायला येण्यापूर्वी

एचईसी या पॅरिसजवळच्या व्यवस्थापन-शिक्षण संस्थेत दोन वर्षे शिकायचे असताना खोली पॅरिसमध्ये घ्यावी की ज्वी-आँ-जोझास या गावातच, आणि संस्थेखेरीज या गावात पाहण्याजोगे काही आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी येथे नऊ वर्षे राहत आहे आणि माझे मत गावाच्या बाजूने आहे.

आधी व्यवहाराचे सांगतो. संस्था पठारावर आहे, तर स्टेशन आणि जुने गाव खाली बिएव्र नदीच्या खोऱ्यात, त्यामुळे खाली घर घेतल्यास रोजचा चढ गृहीत धरा. डिसेंबर 2023 पासून येथे व्ही मार्गाची गाडी धावते. ती एका बाजूला व्हर्साय-शाँतिए आणि दुसऱ्या बाजूला मासी-पालेझो येथे नेते, व दोन्हीकडून पॅरिसची गाडी मिळते. घरमालक जामीनदार मागतात. फ्रान्समध्ये तुमचे कोणी नसेल, तर ‘व्हिझाल’ या विनामूल्य हमी योजनेसाठी भाडेकरारावर सही करण्यापूर्वीच अर्ज करा.

आता गावाविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा हाच भाग मला जवळचा आहे. सतराव्या शतकात भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाने, म्हणजे आपण ज्याला चीट म्हणतो त्याने, फ्रान्सला इतकी भुरळ घातली की देशी लोकर व रेशीम विणणाऱ्यांना वाचवण्यासाठी 1686 मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. ती 1759 मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी क्रिस्तोफ-फिलिप ओबेरकांफ या जर्मन तरुणाने येथे छपाईचा कारखाना काढला. बिएव्रचे पाणी कापड धुण्यास चांगले होते आणि काठच्या कुरणांवर ते उन्हात पसरता येत असे. तुरटीचा ठसा उमटवून मंजिष्ठेच्या कुळातील मुळांच्या रंगात कापड बुडवायचे, म्हणजे ठशाच्या जागीच लाल रंग पक्का बसतो; ही विद्या युरोपने भारतीय कारागिरांकडून उचलली होती. येथील लोक त्या कापडांना आजही ‘अँदिएन’, म्हणजे ‘भारतीय’, म्हणतात. पुढे तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली, खेड्यातील देखाव्यांची एकरंगी चित्रे ‘त्वाल द ज्वी’ या नावाने जगभर गेली. 1783 मध्ये कारखान्याला राजमान्यता मिळाली, क्रांतीनंतरही तो टिकला, नेपोलियनने ओबेरकांफचा सन्मान केला, आणि 1843 मध्ये तो बंद पडला.

एग्लांतीन वाड्यातील संग्रहालयात हे सारे पाहता येते, आणि तेथे तुम्ही पहिल्याच महिन्यात जावे असे मी आग्रहाने सांगेन. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसादिन, म्हणजे जुन्या वास्तू लोकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवण्याचे दिवस, असतात. तेव्हा आलात तर सँ-मार्तँ चर्चमधील मेरीची बाराव्या शतकातील लाकडी मूर्तीही पाहा. माजी पंतप्रधान लेओं ब्लूम यांनी अखेरची वर्षे याच गावात काढली व त्यांची समाधीही येथेच आहे.

येथे आलो तेव्हा मी स्वतःला पाहुणा समजत होतो. संग्रहालयात ठशांसमोर उभा असताना आजीच्या गोधडीतील चिटाचे तुकडे आठवले, आणि त्यानंतर शेजाऱ्यांशी बोलण्यास मला विषय शोधावा लागला नाही. तुमच्या घरी तशी जुनी गोधडी असेल, तर सामानात तिला जागा करा. खोऱ्यातील हिवाळा ओलसर असतो.