क्लिंक, क्लँक की क्लँग?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. इंग्रजी वाचताना तिला क्लिंक, क्लँक, क्लँग, क्लॅटर, जिंगल असे शब्द भेटतात. शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘धातूचा आवाज’ एवढंच दिलेलं असतं. ती पाठ करते आणि लिहिताना पुन्हा घोळ होतो. कोणता शब्द कुठे वापरायचा, हे तिला कसं समजावू?
– एक आई, पारोळा

उत्तर : ताई, आधी ते पाठ करणं थांबवा. हे शब्द कानाने शिकायचे असतात, आणि तुमच्या लेकीचा कान मराठीने केव्हाच तयार करून ठेवला आहे.

भुसावळजवळच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो, तिथली घंटा म्हणजे कडुलिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाईमामा लोखंडी दांड्याने ठोका देत. आवाज कपाशीच्या शेतापलीकडे जाई आणि ठोका पडून गेल्यावरही रूळ घुमत राही. हा क्लँग. एकदा आठवीचा वर्ग मी त्या झाडाखाली नेला. दोन धट्ट्याकट्ट्या पोरांना तो रूळ कवटाळून धरायला लावला आणि मामांना म्हटलं, आता द्या ठोका. नुसतं ‘खट्’ झालं आणि विरलं. हा क्लँक. रूळ तोच, दांडा तोच, हातही तोच. फक्त घुमायला मोकळीक राहिली नाही. पोरं पुढे कधी या दोन शब्दांत चुकली नाहीत.

मग मी त्यांना शब्दांचे शेवट हळू म्हणायला लावले. क्लँगचा शेवट नाकात घुमतो, हवा तेवढा लांबवता येतो. क्लँकच्या शेवटी ‘क’ येतो आणि घशाशी दार लागतं. मराठीत वेगळं काय आहे? ठण आणि ठक, खण आणि खट, टण आणि टक. ‘ण’ आला की आवाज रेंगाळतो, ‘क’ किंवा ‘ट’ आला की तुटतो.

क्लिंक म्हणजे क्लँकचं धाकटं भावंड. सरबताचे पेले एकमेकांना लागले, बशीवर चमचा टेकला, दोन नाणी हातात आपटली, की क्लिंक. साखळदंड ओढला, तर क्लँक. इथे फरक स्वराचा आहे. ‘इ’ म्हणताना तोंड जेमतेम उघडतं, ‘अ‍ॅ’ आणि ‘आ’ म्हणताना मोठं होतं. एडवर्ड सपीर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1929 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने ‘मिल’ आणि ‘माल’ असे दोन बनावट शब्द घेतले, दोन्हींचा अर्थ ‘टेबल’ असं सांगितलं आणि लोकांना विचारलं, मोठं टेबल कोणतं? बहुतेकांनी ‘माल’ म्हटलं. आपल्याकडेही पैंजण किणकिणतात आणि तलवारी खणखणतात. उलटं आपण कधी म्हणत नाही.

क्लॅटरमध्ये वस्तू पुष्कळ, ठोके पुष्कळ, आणि घुमणं जवळपास नाहीच. मांडणीवरची ताटं खाली कोसळली की जो खडखडाट होतो, तो. जिंगल म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ. तसाच आवाज कर्कश होऊन डोक्यात जायला लागला, की इंग्रजी माणूस जँगल म्हणतो. तिथेही ‘इ’चा ‘अ‍ॅ’ झाला, बघा.

धातू नसलेले तीक्ष्ण आवाज याच वाटेने सापडतात. वाळलेली काडी काडकन मोडली, तर स्नॅप. चाबूक कडाडला, तर क्रॅक. चुलीत पऱ्हाट्या तडतडल्या, तर क्रॅकल. लाकडी पायरी करकरली, तर क्रीक.

पण एका शब्दावर मला थोडं थांबायचं आहे, तो म्हणजे रिंग. माझे आबा रेल्वेत होते. गाडी भुसावळला थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या चाकांवर एकेक ठोका मारत जात. मी लहानपणी मागे मागे फिरायचो. ते म्हणायचे, “आयक भाऊ, चाक काय बोली राह्यनं.” धड चाक खणखणीत बोलायचं. तडा असला की बद्द. तडा गेलेल्या जागी धातूच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंपनं तिथेच जिरतात, म्हणून आवाज उठत नाही. आता तपासणीला अल्ट्रासॉनिक यंत्रं आहेत. पण त्या खणखणीत बोलण्याला इंग्रजीत रिंग म्हणतात, आणि बद्दला डल. दुकानदार पूर्वी नाणं फळीवर आपटून पारखायचे. त्यावरून एखादी गोष्ट खरी वाटली की ती ‘रिंग्ज ट्रू’ असं इंग्रजीत म्हणतात. आपण ‘खणखणीत नाणं’ म्हणतो, तेच हे. दोन भाषांनी एकाच फळीवर नाणं आपटून शब्द घडवले, याचं मला आजही नवल वाटतं.

घरी काशाची वाटी असेल तर ती तळहातावर मोकळी ठेवा आणि मुलीला चमच्याने हलकेच टिचकावायला सांगा. काशात तांब्याच्या चार भागांना साधारण एक भाग कथील असतं. घंटा ओततात तो धातूही जवळपास हाच, म्हणून वाटी कितीतरी वेळ गुणगुणते. मग तीच वाटी मुठीत घट्ट धरून टिचकावू द्या. प्रत्येक वेळी आधी मराठी शब्द तिच्या तोंडून येऊ द्या, मग इंग्रजी.

आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मांडे भाजायला मातीचं नवं खापर आणायला जाल, तेव्हा तिला बरोबर न्या. तुम्ही बोटाच्या पेराने पाठीवर टकटक करून खापर निवडताच. या वेळी ते काम तिला करू द्या, आणि खण वाजलं की बद्द, ते तिला दोन्ही भाषांत सांगू द्या.