'इंडियन ट्रीटी'चं पदक: घेण्याआधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की 'इंडियन ट्रीटी नं. ३' असं कोरलेलं, राणी व्हिक्टोरियाची छबी असलेलं मोठं चांदीचं पदक विक्रीला आहे, ते आपल्याकडच्या एखाद्या संस्थानाचं असेल का आणि घ्यावं का. संस्थानांशी त्याचा काही संबंध नाही. हे पदक कॅनडातलं आहे, आणि 'इंडियन' म्हणजे इथे तिथले मूळ रहिवासी. ३ ऑक्टोबर १८७३ ला लेक ऑफ द वूड्सच्या काठी, नॉर्थवेस्ट अँगल इथे ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांशी कॅनडा सरकारचा तिसरा तह झाला. त्या मालिकेत १८७१ ते १९२१ या काळात असे अकरा तह झाले.

पदकाचा खरा इतिहास त्या वाटाघाटींतच आहे. आधीच्या तहात रेड रिव्हरकडच्या लोकांना मिळालेलं एक पदक मावेडोपेनेस या प्रमुखाने सगळ्यांसमोर धरलं आणि सुरीच्या पाठीने वाजवलं. आवाज बद्द आला. चांदी म्हणून दिलंत, पण ही चांदी वाटत नाही. असल्या हलक्या धातूवर राणीची छबी छातीशी बाळगायची मला लाज वाटेल, असं तो सरकारचे प्रतिनिधी अलेक्झांडर मॉरिस यांना म्हणाला. पदक खोटं, तर शब्द तरी खरा कशावरून? हा त्याचा रोख मला आजही हलवून जातो. मॉरिस यांनी ही तक्रार राजधानी ओटावाला पोचवण्याचं कबूल केलं.

त्यानंतर लंडनच्या वायन या पदकं घडवणाऱ्या घराण्याकडून नवी पदकं करून घेतली, ती अस्सल चांदीची. व्यास साधारण ७६ मिलिमीटर. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला हस्तांदोलन करणारे अधिकारी आणि प्रमुख, त्यांच्यामध्ये जमिनीत रुतवलेली कुऱ्हाड, मागे तंबू आणि सूर्य. पुरलेली कुऱ्हाड म्हणजे संपलेलं युद्ध. ते चित्र मला खटकतं, कारण कॅनडा सरकार आणि या ओजिब्वे लोकांमध्ये युद्ध झालंच नव्हतं. तहाचा क्रमांक आणि वर्षाचा शेवटचा आकडा यांसाठी जागा मोकळी सोडलेली असे, तो मजकूर नंतर भरत. म्हणून ३ हा आकडा बाकीच्या अक्षरांबरोबरच ओतलेला दिसला, तर नक्कल समजा. हलक्या धातूच्या नकला बाजारात भरपूर फिरतात.

अस्सल निघालं तर मात्र आणखी जपून पाऊल टाका. ते कुणा प्रमुखाच्या गळ्यातलं असणार, आणि त्या तहानुसार माणशी ५ डॉलर आजही दरवर्षी दिले जातात. तह जिवंत आहे, म्हणून हे पदक मी जुनी चांदी म्हणून बघू शकत नाही. अशी पदकं मूळ लोकांकडे परतही जातात: जॉर्ज वॉशिंग्टनने १७९२ मध्ये अमेरिकेतल्या सेनेका या मूळ रहिवासी लोकांचा नेता रेड जॅकेट याला दिलेलं पदक बफेलोच्या संग्रहालयाने २०२१ मध्ये सेनेका लोकांना परत केलं.

विक्रेत्याकडून ते कुठल्या घराण्यातून, कुणाकुणाच्या हातून आलं हे लेखी मागा. टाळाटाळ केली तर व्यवहार सोडा. वजन, कडेचा आणि क्रमांकाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, बघून सांगतो.