अपयशाची भीती, धास्ती की धसका?

प्रश्न असा आला आहे: 'अपयशाच्या भीतीनेच शोकनायक वर चढतो आणि त्याच भीतीने कोसळतो' या शोकांतिकेच्या नायकाबद्दलच्या वाक्यात 'भीती' मिळमिळीत वाटते. धाक, धास्ती, धसका यांपैकी काय योग्य?

आधी 'अपयश' पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. आज आपण हा शब्द 'काम न जमणे' एवढ्याच अर्थाने वापरतो. पण संस्कृतात यशस् म्हणजे कीर्ती, आणि अपयश म्हणजे दुष्कीर्ती, नाचक्की. जुन्या मराठीने हा अर्थ 'अपेश' या रूपात जपला. 'अपेश मरणाहून ओखटे (वाईट)' ही म्हण परीक्षेत नापास होण्याबद्दल नाही, चारचौघांत मान खाली जाण्याबद्दल आहे. महाभारतातला कर्ण बघा. इंद्र कवचकुंडले मागायला येणार, हे सूर्याने आधीच बजावलेले असते. तरी कर्ण ती देतो, कारण त्याला जिवापेक्षा कीर्ती मोठी वाटते. हरण्याची भीती असती तर त्याने कवच सोडलेच नसते. त्याला भीती अपेशाची होती.

आता भीतीचे शब्द. धाक बाहेरच्या माणसाचा किंवा सत्तेचा असतो, म्हणून तो इथे बसत नाही. धास्ती पुढे काय होईल याची, आणि ती सतत मागे लागलेली असते. धसका मात्र आधी घडून गेलेल्या गोष्टीचा. शिवाय त्याचे क्रियापद फार बोलके आहे: भीती वाटते, धसका आपण घेतो. शोकनायकाच्या विनाशात त्याचा स्वतःचा हात असतो. तो या 'घेतो'मध्ये नेमका येतो. एक अडचण आहे खरी. धसका घेतलेला माणूस सहसा अंथरूण धरतो, शिखर गाठत नाही.

तरीही हाच शब्द मला पटतो, तो चिनुआ अचेबे यांच्या 1958 सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीच्या नायकामुळे, ओकोंक्वोमुळे. त्याचा बाप उनोका बासरीत रमणारा, कर्जात बुडालेला, एकही मानाची पदवी न मिळवता मेलेला. त्यांच्या इग्बो भाषेत 'अग्बाला' म्हणजे बाई, आणि पदवी नसलेला पुरुषही. लहानपणी खेळगड्याने बापाला तो शब्द लावला आणि ओकोंक्वोला तो कायमचा डाचत राहिला. बापाचा धाक त्याला कधीच नव्हता; त्याने बापाच्या अपेशाचा धसका घेतला होता. कुस्ती, शेती, पदव्या हे सगळे वैभव त्यातून उभे राहिले. आणि त्याला 'बाबा' म्हणणाऱ्या, तीन वर्षे घरात वाढलेल्या इकेमेफुनाला गावाच्या निर्णयाने मारायची वेळ आली, तेव्हा 'या कामात तुझा हात नको' असे गावातल्या वडीलधाऱ्याने सांगूनही तो गेला. पोरगा जीव वाचवायला त्याच्याकडेच धावत आला, आणि आपण दुबळे ठरू म्हणून त्याने कोयता चालवला. कोणी त्याला भाग पाडले नव्हते. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.

म्हणून तुमच्या वाक्यातली 'भीती' दोनदा येऊ देऊ नका. चढताना आणि कोसळताना ती एकच असली, तरी तिचे तोंड बदललेले असते: चढताना मागे, कोसळताना पुढे. मी असे लिहीन: 'बापाच्या अपेशाचा धसका घेऊन तो वर चढला, आणि स्वतःच्या अपेशाच्या धास्तीने कोसळला.'