कादंबरीशेजारी हिशोबाची वही ठेवा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आहे. अकरावीतल्या मुलीला शाळेत काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांची ‘द क्वेस्ट ऑफ द सिल्व्हर फ्लीस’ ही 1911 सालची कादंबरी लागली आहे. ताई लिहितात, “हे तिच्या बाबांनी ऐकलं आणि तिच्यासमोरच म्हणाले, गुलामगिरी 1865 साली संपली, मग हे काळे लोक पुढे का आले नाहीत? आपणही दोन बॅगा घेऊन शून्यातून उभे राहिलोच ना! तेव्हापासून ती जेवताना आमच्याशी बोलत नाही.”

ताई, तुमचा जीव तुटतोय हे कळतं. पण लेकीचा राग रास्त आहे. आपण शून्यातून नाही आलो, पदव्या घेऊन आलो. आणि आपल्यासाठी दार उघडणारा 1965 चा स्थलांतराचा कायदा काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्कांच्या लढ्यामागोमागच आला. हे बाबांनीच तिला सांगावं.

मग दोघांनी वही घेऊन तिच्याशेजारी बसावं. मुलं झोरा आणि ब्लेसच्या प्रेमकथेत रमतात, कापसाच्या व्यवहाराची पानं उलटतात आणि तिथेच कादंबरी हातातून निसटते. अलाबामातल्या दलदलीत झोराने पिकवलेला कापूस जमीनदार क्रेसवेल ठेवून घेतो, वर तिच्याच नावावर बाकी काढतो. ते पान आलं की थांबा आणि अर्धलीचा, म्हणजे मालकाच्या जमिनीवर पिकवून निम्मं पीक त्याला देण्याचा, हिशोब मांडा.

आकडे समजुतीपुरते घ्या. चार गाठी, प्रत्येकी 500 पौंड, भाव पौंडाला 10 सेंट, म्हणजे 200 डॉलर. निम्मे मालकाचे, उरले 100. मार्चपासून मालकाच्या दुकानातून मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी उधार नेलेली. रोखीने तो माल 80 डॉलरचा, उधारीच्या भावाने 100 चा, वर 10 डॉलर व्याज. वर्षभर घरदार राबलं आणि 10 डॉलर अंगावर. हाच माल रोखीने घेता आला असता तर 20 हातात उरले असते. आता तिला विचारा: काटा कोणाचा? वही कोणाकडे? रुई वेगळी झाल्यावर सरकी कोणी ठेवली? 500 पौंड रुईमागे सरकीचं वजन त्याहून बरंच जास्त भरतं आणि तिला तेलासाठी गिऱ्हाईक असतं. माझं माहेर यवतमाळकडचं. सरकी धरली की वाटा कसा बदलतो, हे आमच्या घरात पोरंसुद्धा सांगत.

बाकी अंगावर असताना सोडून का गेले नाहीत, हे ती विचारेलच. उचल घेऊन काम सोडणारा लबाडच, असं अलाबामाचा कायदा गृहीत धरत होता आणि त्याला शिक्षा होई. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला तोही 1911 मध्येच. आणि स्वतःची जमीन? जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या फौजेचा सेनापती शर्मन याच्या हुकुमाने दक्षिणेतल्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत जमीन मिळू लागली होती. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी ती जुन्या मालकांना परत दिली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. माझ्या मुलीलाही मी हाच हिशोब करायला लावला, त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

“आपला काय संबंध,” असंही तुम्ही लिहिलंय. ताई, असं कसं म्हणवतं तुम्हाला? अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला आणि शेतकरी सावकाराच्या वहीत आणखी रुतला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखेच हिसकावून जाळले. त्याआधी 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. लेकीच्या निबंधात हे येऊ द्या.

तुमचे बाकीचे प्रश्न. पुस्तक जड आहे म्हणून शिक्षकांना ते बदलायला सांगू नका. आजी जेवताना रंगावरून बोलतात, तर त्यांना तिथल्या तिथे, मुलांसमोर थांबवा. धाकटा रविवारच्या मराठी वर्गाला कंटाळतो, तर महिनाभर सुट्टी द्या.