'आउटसायडर'ला उपरा म्हणावं का?

एका छोट्या प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: "आमची दोन पुस्तकं येऊ घातली आहेत. एक कामगारवर्गातल्या 'आउटसायडर'च्या जगण्यावर, दुसरं 'ग्रासरूट डिजिटल आर्ट'वर. मलपृष्ठावरच्या मजकुरासाठी मराठी शब्द हवेत. पहिल्याला 'उपरा' आणि दुसऱ्याला 'तळागाळातील डिजिटल कला' चालेल का?"

पहिला शब्द बेलाशक वापरा. दुसरा मी तरी छापणार नाही.

उपरा म्हणजे बाहेरून आलेला, एवढाच अर्थ हल्ली आपण धरतो, आणि त्याला बऱ्याच अंशी निवडणुका कारणीभूत आहेत. तिकिटं जाहीर झाली की 'उपरा उमेदवार नको' अशी ओरड होतेच. तिथे प्रश्न फक्त मतदारसंघाचा असतो. उमेदवार चार कारखान्यांचा मालक असला तरी तो उपराच. पण याच घरातला 'उपरी' हा जुना शब्द पाहा. मराठी मुलखातल्या जमीनव्यवस्थेत जमीन कसणारे दोन प्रकारचे असत: मिरासदार आणि उपरी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यातही हा भेद आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई, आणि दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन तिच्यावर हक्क सांगता येई. गावात मानपानही त्याला. उपरी मात्र सरकारी जमीन ठरलेल्या मुदतीपुरती कसणारा. मुदत संपली की जमिनीशी संबंध संपला. घाम दोघांचाही तेवढाच गळायचा, मिरास एकाचीच.

म्हणून कामगाराच्या गोष्टीला हा शब्द चपखल बसतो. काम करतो पण जागा त्याची नाही, अशा माणसाला प्रत्येक काळाने वेगळं नाव दिलं. गिरणगावात तो 'बदली' होता. रोज पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळायचं, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं बदलीच राहिलेली माणसं होती. त्यांना 'मुंबईबाहेरचे' म्हणून काय कळणार? कायम कामगारही बहुतेक कोकणातून आणि घाटावरूनच आलेले. बदलीचं उपरेपण गिरणीच्या आतलं होतं. आज तोच माणूस कंत्राटी, हंगामी, रोजंदारी अशा नावांनी भेटतो.

बाकीचे पर्याय मनात फिरवून पाहिले. 'परका'मध्ये नात्याचा दुरावा आहे. लेक सासरी गेली की परकी होते, असं म्हणणारे अजून आहेत. 'आगंतुक' न बोलावता येतो. 'उपटसुंभ' ही शिवीच झाली. 'बाहेरचा' इतका मोघम की त्याला बाधाही म्हणतात. (आणि 'उपरती'चा याच्याशी काही संबंध नाही बरं का. ती उप अधिक रम्, म्हणजे थांबणं, विरक्त होणं.)

शिवाय या शब्दाला मराठी वाङ्मयात मोठा आधार आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 साली आलं आणि 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणारं कैकाडी कुटुंब, आणि त्यातला शाळेत जाणारा मुलगा. गावाला टोपल्या हव्यात, टोपली विणणारा गावात नको. या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाच्या नावात 'उपरा' तसाच ठेवून पुढे 'ॲन आउटसायडर' जोडलं आहे. तेव्हा वाट आधीच मळलेली आहे. फक्त तुमच्या पुस्तकाच्या शीर्षकात तो शब्द घेऊ नका, गल्लत होईल. मजकुरात खुशाल घ्या.

आता 'तळागाळातील'. तळ आणि गाळ. हा शब्द व्यासपीठावरून खाली पाहणाऱ्याचा आहे. "आम्ही तळागाळातली माणसं" असं स्वतःबद्दल कोणी सहज म्हणताना मी ऐकलेलं नाही. कलावंताला गाळात बसवून त्याच्या कलेचं कौतुक कसलं करायचं?

इथे 'उपरी कला' हाही पर्याय नाही. इंग्रजीत 'आउटसायडर आर्ट' हे नाव कला-अभ्यासक रॉजर कार्डिनलने 1972 मध्ये रूढ केलं, फ्रेंच चित्रकार द्युब्युफेच्या 'आर ब्र्यूत'साठी, म्हणजे 'कच्च्या कले'साठी. त्यातला बाहेरचेपणा कलाशाळांच्या आणि कलाबाजाराच्या बाहेरचा. जपानमधले तात्सुओ होरिउची निवृत्तीनंतर एक्सेलमध्ये निसर्गचित्रं काढू लागले. त्यांना उपरा म्हटलं तर काही बोधच होणार नाही. 'स्वयंशिक्षित' म्हटलं की पुरे.

तुमचं पुस्तक इकडच्या मंडळींबद्दल असेल तर आणखी एक गंमत लक्षात ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडे 'डिजिटल' म्हणजे फ्लेक्सचा फलक. 'चौकात डिजिटल लावलंय' म्हटलं की वाढदिवसाच्या शुभेच्छा, गॉगल घातलेले भाऊ आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो डोळ्यांसमोर येतात. ते कोरलड्रॉमध्ये जुळवणारा डीटीपीवाला पोरगा हाच तिथला डिजिटल कलावंत. त्याच्या बोलण्यात 'ग्रासरूट' नाही, 'मॅटर' आणि 'सेटिंग' आहे. 'गावोगावची डिजिटल कला' असं साधं लिहिलंत तर त्यालाही आपल्याबद्दलच लिहिलंय हे कळेल.

एक छपाईची सूचना. 'उपऱ्याचं', 'उपऱ्यांचं' लिहिताना आडवा अर्धा र यायला हवा. कळ चुकली की रफार येतो आणि 'उपर्याचं' उमटतं. आचाऱ्यांना बोलावलं की स्वयंपाक होतो, आचार्यांना बोलावलं की प्रवचन. मलपृष्ठ छापायला जाण्याआधी हा र एकदा मोठा करून बघा. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तो हमखास मोडतो.