एआय कॅमेरा आला म्हणून प्रेसचा लाइट कर्टन काढू नका

तुमचा प्रश्न असा: चाकणला १६० कामगारांचा प्रेस शॉप, पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या ८ प्रेस, त्यातल्या ३ जुन्या रोलिंग की क्लचच्या. विक्रेता म्हणतो की एआय कॅमेरा हात ओळखून प्रेस थांबवेल, त्यामुळे लाइट कर्टनचा (किरणांचा पडदा, हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा) खर्च वाचेल. हेल्मेट, हातमोजे, थकवा, ‘मूड’ हे सगळं त्याच पॅकेजमध्ये. हे कायद्यात बसतं का?

आधी प्रेसचं. विक्रेत्याला एकच आकडा लेखी मागा: हात चौकटीत शिरल्यापासून रिले (प्रेसला थांबायचा सिग्नल देणारा स्विच) पडेपर्यंत किती मिलिसेकंद? त्यावरून आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाच्या सूत्राने किमान अंतर काढता येतं: हाताचा वेग गुणिले थांबायला लागणारा एकूण वेळ, अधिक हात ओळखला जायच्या आत जेवढा पुढे जाऊ शकतो ते अंतर. १४ मिमी रेझोल्यूशनच्या, म्हणजे १४ मिमी जाडीची वस्तूही ओळखणाऱ्या कर्टनला ही अधिकची बाजू शून्य धरतात. समजा कर्टनला १५, रिलेला १५ आणि प्रेसच्या ब्रेकला १७० मिलिसेकंद लागतात. एकूण २००. हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी, म्हणजे कर्टन डायपासून (पत्र्याला आकार देणारा साचा) ४०० मिमीवर. ऑपरेटर आरामात काम करतो.

आता कॅमेरा. सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला ६७ मिलिसेकंद. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून सलग ३ फ्रेममध्ये हात दिसला तरच खरं मानायचं, म्हणजे २०० गेले. मॉडेल आणि नेटवर्कला १५० धरा, रिले १५, ब्रेक १७०. झाले ५३५. अंतर ५०० मिमीच्या वर जात असेल तर सूत्रात वेग १६०० धरतात. तरी ८५० मिमीच्या पुढे जातं, आणि अधिकची बाजू त्यावर वेगळी. हाताने ब्लँक (पत्र्याचा कापलेला तुकडा) ठेवणारा माणूस डायपासून एवढा लांब उभा राहून काम कसं करणार?

वेगवान कॅमेरा घेतला तर हे अंतर कमी होईल, हे मान्य. पण खरा फरक बिघाडाच्या वेळी कळतो. टाइप ४ (सर्वांत वरचा सुरक्षा दर्जा) कर्टनची वायर तुटली, किरण अडला, आतला एखादा भाग गेला, तर प्रेस थांबते. तो स्वतःला सतत तपासत असतो. कॅमेऱ्याच्या काचेवर तेलाचा थर बसला तर त्याला हात दिसत नाही, आणि ‘दिसला नाही’ याचा अर्थ तो ‘नाही’ असा लावतो. प्रेस चालूच राहते.

त्या ३ जुन्या प्रेसवर तर दोन्ही निरुपयोगी. रोलिंग की एकदा बसली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) थांबत नाही, मग सिग्नल कितीही लवकर येवो. तिथे बोट शिरणारच नाही असा फिक्स्ड गार्ड किंवा इंटरलॉक गार्ड (उघडा असेल तर प्रेस चालतच नाही असा) लावा, नाहीतर क्लच बदला. पैसे तुटपुंजे असतील तर पहिला खर्च हाच.

मग कॅमेरे कुठे चांगले? फोर्कलिफ्टच्या वाटेवर, गोडाऊनच्या आंधळ्या वळणावर, बंदी असलेल्या भागात कोणी शिरलं तर कळायला, आणि कुठल्या कोपऱ्यात रोज तोच प्रकार होतो हे आठवड्याच्या आकड्यांतून पाहायला. थोडक्यात, सांगायला. थांबवायला नव्हे.

हेल्मेट ओळखण्यात घोळ बहुधा पिक्सेलचा असतो. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा १६ मीटरचा पट्टा पाहत असेल तर मीटरला १२० पिक्सेल, २५ सेंमीचं हेल्मेट ३० पिक्सेलचं. तोच कॅमेरा ३० मीटरवर ताणला की हेल्मेट १६ पिक्सेलचं होतं, आणि पिवळी टोपी, केस, डोक्यावरचा ट्रे सगळं सारखंच दिसू लागतं. हनुवटीचा पट्टा बांधलाय का, कानात प्लग आहे का, हे तर विसराच.

हातमोज्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. पॅकेजमधला तयार नियम ‘हातमोजा नाही म्हणजे उल्लंघन’ असा असतो. ड्रिल मशीनवर हातमोजा घालायचाच नसतो. फिरत्या ड्रिलमध्ये कापड अडकलं की हात आत ओढला जातो. अलार्म वाजतोय, सुपरवायझर ओरडतोय, म्हणून ऑपरेटर हातमोजा चढवतो आणि सुरक्षेच्या यंत्रणेनेच अपघात घडवून आणलेला असतो. म्हणून प्रत्येक मशीनचा झोन वेगळा आखा. ड्रिल आणि लेथवर नियम उलटा हवा: हातमोजा दिसला तर अलार्म.

अलार्म कोण बघणार हेही आधी ठरवा. १२ कॅमेरे, प्रत्येकी शिफ्टला १५ खोटे अलार्म, म्हणजे १८०. तिसऱ्या दिवशी आवाज बंद होतो. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत (तिच्याबद्दल पुढे) साधारण कारखान्याला ५०० कामगारांपासून सुरक्षा अधिकारी बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्याकडे ते पद नसण्याचीच शक्यता जास्त. नाव आणि शिफ्टसह माणूस नेमा.

कायद्याचं. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात एआयचा उल्लेख नाही, पण धोकामुक्त जागा देण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही. कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणखी एक, जे विक्रेता सांगत नाही: एकाच प्रेसवर महिनाभर अलार्म नोंदले गेले आणि कुणी काही केलं नाही, तर चौकशीत तोच लॉग तुमच्याविरुद्ध जातो. धोका माहीत होता हे तुमच्याच सर्व्हरने लिहून ठेवलेलं असतं.

चेहरे दिसणारं फुटेज हा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय वापराची वाट कलम ७ मध्ये आहे, पण डेटा सांभाळण्याचं ओझं त्याने जात नाही. फुटेज किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, पगारकपातीला वापरणार का, हे मराठीत आणि हिंदीत लिहून गेटवर लावा. कंत्राटी कामगारांनाही सांगा.

‘मूड’ तर बंदच करा. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. शारीरिक थकवा त्या कायद्याच्या लेखी भावना नाही, म्हणून ड्रायव्हरची झोप ओळखणारा कॅमेरा त्या बंदीत येत नाही. तो कायदा चाकणच्या शॉपला थेट लागू नाही, पण युरोपची मूळ कंपनी किंवा ग्राहक असेल तर ऑडिटमध्ये विचारलं जाऊ शकतं. मशीन बनवून तिकडे पाठवणाऱ्यांसाठी वेगळी तारीख आहे: २० जानेवारी २०२७. त्या दिवसापासून युरोपीय संघाचा नवा यंत्र नियम लागतो, आणि मशीन लर्निंगने स्वतःचं वागणं बदलणारा सुरक्षा घटक असेल तर त्रयस्थ संस्थेकडून तपासणी सक्तीची.

खरेदीआधी २ आठवडे आवाज बंद ठेवून चाचणी घ्या, दिवस आणि रात्र दोन्ही शिफ्टमध्ये. मुद्दाम ५० उल्लंघनं करून दाखवा: वाकलेला माणूस, पाठमोरा, पॅलेटच्या आडचा, रात्रीचा. मशीन बंद आणि लॉक असताना, अर्थात. पन्नासच्या पन्नास पकडली तरी सिद्ध एवढंच होतं की चुकण्याचं प्रमाण साधारण ६ टक्क्यांच्या आत असावं. विक्रेत्याच्या कागदावरचे ‘९९ टक्के’ कुठल्या उजेडात, कुठल्या कोनातून मोजलेत ते विचारा आणि उत्तर खरेदी ऑर्डरमध्ये घाला. काच रोज कोण पुसणार, तेही त्यातच लिहा.